कृतज्ञता, मन आणि शरीर: आपल्या गावाकडे नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाच्या मीटिंगमध्ये, कापसाच्या वेचणीत, कधी तर एसटीत बाजूला बसलेली बाई सुद्धा हे प्रश्न विचारते, आणि दरवेळी पहिल्यापासून सांगता सांगता अर्धं राहूनच जाते, म्हणून सगळं एका जागी लिहून काढलं. प्रश्न लोकांनी जसे विचारले तसेच ठेवले आहेत. आपण यवतमाळ-वर्धा पट्ट्यातले कोरडवाहू लोक, त्यामुळे उदाहरणं वावरातलीच येतील.

कृतज्ञता म्हणजे नेमकं करायचं काय?

आपल्याला काय चांगलं मिळालं ते ओळखायचं, आणि ते कोणाकडून मिळालं तेही ओळखायचं. या विषयावर आयुष्यभर काम केलेले अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स हेच दोन भाग सांगतात. पहिला भाग आपण करतो, दुसरा बरेचदा सुटतो. "देवाच्या कृपेनं सगळं बरं हाय" हे आपल्या तोंडात बसलेलं वाक्य आहे, त्यात चूक काही नाही, पण त्याने मनात फारसं काही हलत नाही कारण त्यात कोणी माणूस दिसत नाही, काही घडलेलं दिसत नाही.

त्यापेक्षा एका ताईने वहीत लिहिलेलं बघा, तिच्या परवानगीने देते: "आज दुपारी वेचता वेचता बोंडाचं टोक नखात घुसलं, रक्त थांबे ना, शेजारच्या ओळीतल्या काकूनं स्वतःच्या पदराची चिंधी फाडून बांधून देली आन् माह्या ओळीतला कापूस बी थोडा वेचून देला." एवढंच. पण हे लिहिताना तिला ती चिंधी दिसली, काकूचा हात दिसला, आणि आपण एकटे नाही हे न सांगता समजलं.

याने खरंच काही होते का? का नुसतं सकाळच्या सुविचारासारखं?

होते, आणि ते मोजून बघितलेलं आहे. एमन्स आणि मायकल मॅककलो यांचा २००३ चा अभ्यास या सगळ्याची सुरुवात मानतात. कॉलेजच्या पोरांचे गट केले, एका गटाने आठवड्यातून एकदा ज्याबद्दल आभार वाटतात अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने डोक्याला ताप देणाऱ्या गोष्टी लिहायच्या, तिसऱ्याने नुसतं काय काय घडलं ते लिहायचं, असं १० आठवडे चाललं. आभाराच्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं, पुढच्या आठवड्याबद्दल आशा जास्त वाटली, अंगाच्या तक्रारी कमी आल्या आणि व्यायामही त्यांनी जास्त केला.

मग २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सोबत्यांनी अजून एक गोष्ट करून बघितली. रोज रात्री आज चांगल्या झालेल्या तीन गोष्टी आणि त्या कशामुळे झाल्या ते लिहायचं, फक्त एक आठवडा. त्या लोकांचा आनंद वाढलेला आणि उदासी कमी झालेली सहा महिन्यांनंतर सुद्धा दिसली. "कशामुळे" हा शब्द सोडू नका, कारण त्याचं उत्तर शोधतानाच दुसरा माणूस आठवतो.

पण जादू समजू नका. असे २७ अभ्यास, एकूण ३,६७५ लोक, एकत्र करून बघितले तर उदासी आणि चिंता यांच्यावरचा परिणाम आहे, पण लहान आहे. मला वाटते ज्या गोष्टीला एक वही आणि दहा मिनिटं लागतात तिच्याकडून लहान फायदा मिळाला तरी तो घ्यावा, फक्त मोठ्या दुखण्यावर तेवढ्याच्याच भरवशावर बसू नये.

रात्री झोप लागत नाही, यानं लागेल काय?

काऊन लागत नाही त्यावर आहे. ओलिताची लाईट रात्रीची असली, मोटार चालू करायला मध्यरात्री वावरात जावं लागत असलं, तर झोपेचं खोबरं त्या लाईटमुळे झालं, तिथं वहीचा उपयोग नाही, तिथं दिवसाच्या लाईटसाठी सगळ्यांनी मिळून भांडावं लागते.

पण अंथरुणात पडून डोळे मिटले की सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, तूर किती उतरली, हे चक्र सुरू होत असेल तर हो, फायदा होऊ शकते. इंग्लंडमध्ये अॅलेक्स वूड यांनी २००९ मध्ये ४०१ लोकांचा अभ्यास छापला, त्यात जास्त कृतज्ञ माणसं लवकर झोपतात, जास्त वेळ आणि चांगली झोपतात असं दिसलं, आणि कारणही सापडलं, झोपण्याआधी त्यांच्या डोक्यात काळजीचे विचार कमी असतात आणि बरे विचार जास्त. एमन्स-मॅककलो यांच्याच २००३ च्या कामातल्या एका वेगळ्या अभ्यासात कॉलेजच्या पोरांच्या जागी स्नायू-नसांचा आजार असलेले लोक होते, त्यांनी २१ दिवस रोज लिहिलं आणि त्यांचीही झोप वाढली, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटू लागलं. आजार गेला नव्हता, तो होता तिथंच होता.

करायचं काय तर मोबाईल बाजूला ठेवल्यावर, लाईट बंद करायच्या आधी, तीन गोष्टी आठवायच्या. मोबाईल बाजूला ठेवणं हा अर्धा उपाय तिथंच झाला असं माझं स्वतःचं मत आहे.

बीपी, शुगर, हार्टवर काही फरक?

हार्ट फेल्युअरची सुरुवात असलेल्या रुग्णांवर एक छोटा अभ्यास २०१६ मध्ये आला होता. ८ आठवडे नेहमीच्या औषधांसोबत ज्यांनी कृतज्ञतेची वही लिहिली त्यांच्या रक्तातली सूज दाखवणारी काही द्रव्यं, ज्यांनी फक्त औषधं घेतली त्यांच्यापेक्षा कमी झाली. छोटा अभ्यास आहे, तेवढ्यावर उड्या मारू नये.

मोठा अभ्यास २०२४ चा. अमेरिकेतल्या ४९,२७५ नर्सबाया, सरासरी वय ७९, त्यांना २०१६ मध्ये कृतज्ञतेचे प्रश्न विचारले आणि २०१९ च्या शेवटपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांची कृतज्ञता सगळ्यात जास्त होती त्यांच्यात मृत्यूचा धोका ९ टक्के कमी निघाला, तब्येत, पैसा, मनाची स्थिती याचा हिशोब वेगळा काढून सुद्धा. आता कृतज्ञतेनेच आयुष्य वाढलं असं यातून पक्कं सिद्ध होत नाही, दोन्ही गोष्टी सोबत चालताना दिसल्या एवढंच म्हणता येते.

आणि बीपीची गोळी बंद करायची नाही बाप्पा. वही लिहा आणि गोळीही घ्या. आमच्याकडे "आता बरं वाटते" म्हणून गोळी सोडणारे लै आहेत, त्यांना आशाताई घरी जाऊन जाऊन थकल्या.

रोज लिहायचं काय? मले तर कंटाळा येते.

मग आठवड्यातून एकदा लिहा. सोनिया ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात ६ आठवडे काही लोकांनी आठवड्यातून एकदा लिहिलं आणि काहींनी तीनदा, तर फायदा एकदावाल्यांनाच दिसला. फवारणीचं तसंच आहे ना, डब्यावर लिहिल्यापेक्षा जास्त मारली म्हणून सोयाबीन जास्त येत नाही. रोज रोज लिहिलं की तेच ते उतरवलं जाते, "पोरं बरी आहेत, तब्येत बरी आहे", आणि मन त्यात राहतच नाही. ज्यांना रोज जमते आणि आवडते त्यांनी खुशाल रोज लिहावं. बाजाराचा दिवस धरा, म्हणजे विसरत नाही.

मले लिहिता-वाचता येत नाही जी. माह्यासाठी काय हाय?

मावशी, तुमच्यासाठी तर सगळ्यात जास्त आहे, कारण आपल्याकडे हे लिहून कधी केलंच नव्हतं, हातानं आणि तोंडानं केलं जायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी आठवा. बैल धुऊन आणायचे, वर्षभर जू ठेवून घट्टे पडलेल्या त्या खांद्यावर तूप-हळद चोळायची, ज्या जागेला त्रास झाला नेमका त्याच जागेवर हात फिरवायचा, आणि कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." बैलाने काय केलं, कोणत्या अवयवाने केलं, त्याचा किती त्रास झाला, हे सगळं त्यात आलं. एवढी नेमकी कृतज्ञता मी कोणत्या परदेशी वहीत पाहिली नाही. कापसाच्या पहिल्या वेच्याला वावरात सीतादही करतो, दही-भाताचा निवद दाखवतो, तेही हेच.

आता घरोघरी ट्रॅक्टर आला, बैलजोडी कमी झाली, तर खांदशेकणीचा हात माणसांकडे वळवता येते ना. सालदाराला, वेचणाऱ्या बायांना, दूध घालणाऱ्याला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला गावात संध्याकाळी लोक जमत असतील तर ती संपल्यावर दोन मिनिटं जास्त बसा आणि ज्याला वाटते त्याने सांगावं, आज मला कोणाची मदत झाली. पहिल्या दिवशी कोणी बोलत नाही. मग कोणीतरी म्हातारी सुरुवात करते आणि मग थांबत नाही.

यंदा नापिकी झाली, भाव नाही, कर्ज डोक्यावर. कशाचे आभार मानू?

नापिकीचे तर नाहीच. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि कधी कधी रागाने विचारला जातो, आणि तो राग बरोबर आहे. पावसाने दगा दिला, बोंडअळीने खाल्लं, व्यापाऱ्याने ओलावा सांगून भाव पाडला, यातलं काहीच गोड मानून घ्यायचं नाही. पंचनामा करून घ्या, अर्ज द्या, मोर्चा असेल तर जा. जो माणूस येऊन "अरे, आहे त्यात समाधान मान" म्हणते त्याला कृतज्ञता समजलीच नाही असं मी स्पष्ट म्हणते.

मग उरते काय? माणसं उरतात. दुबार पेरणीला बियाणं कोणी उसनं देलं, बैलबंडी कोणी देली, दवाखान्यात कोण सोबत बसलं, किराणावाल्याने उधारीचं नाव काढलं नाही तो कोणता दिवस. आपल्या विदर्भात अडचणीतला शेतकरी पहिले काय करते तर बोलणं बंद करते, पारावर यायचं बंद करते, त्याला वाटते आपलं तोंड दाखवायची सोय राहिली नाही. त्याच्याजवळ आपल्या बाजूने उभे राहिलेल्या पाच माणसांची नावं लिहिलेली असली तर ती नुसती आभाराची यादी राहत नाही, उद्या लै जड झालं तर कोणाच्या दारात जायचं त्याचा पत्ता असते. या पूर्ण पानावर मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटते. वहीत गोष्टींपेक्षा माणसांची नावं लिहा. आणि ज्याचं नाव लिहिलं त्याच्याकडे महिन्यातून एकदा तरी चहाला जा, काम असो का नसो.

पण मग सासू म्हणते तेच झालं ना, "नवरा कमावून आणते, उपकार मान, तोंड उघडू नको."

नाही ताई, हे ते नव्हे. कोणी मारते, पिऊन येऊन शिव्या देते, पैसे हिसकते, तिथं कृतज्ञता शिकवणं म्हणजे अन्यायाला झाकण लावणं. आभार आपल्या मनातून येतात, दुसऱ्याने मागून घेतले की ती वसुली होते. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा महिलांसाठी हेल्पलाईन नंबर आहे, तातडीचं असेल तर ११२. आधी ते.

कोणाला "थँक्यू" म्हणायला लाज वाटते. घरच्यांना तर अजूनच.

सगळ्यांनाच वाटते, फक्त आपल्याकडे नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि विचारलं की वाचणाऱ्याला कसं वाटेल. लिहिणाऱ्यांना वाटलं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, खरं विचारलं तर समोरच्याला तेवढं अवघड वाटलंच नव्हतं आणि आनंद मात्र यांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त झाला होता. म्हणजे आपण ज्या भीतीने गप्प बसतो ती भीतीच चुकीची निघाली.

शब्द तोच वापरायचा असं काही नाही. "काकू, त्या दिवशी तुमी पोराले दवाखान्यात नेलं म्हणून वाचलं" एवढं म्हटलं तरी झालं. भावाला फोनवर जमत नसेल तर व्हॉट्सअॅपवर टाका, पण फुलाचा फोटो फॉरवर्ड नको, स्वतःची दोन वाक्यं टाईप करा. आणि नुसतं मनातल्या मनात न ठेवता बोलण्याचा अजून एक फायदा आहे, अॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांच्या २०१० च्या प्रयोगात मदत केल्यावर ज्यांचे आभार मानले त्यातले ६६ टक्के लोक दुसऱ्यांदा मदत करायला तयार झाले, ज्यांना नुसतं "मिळालं" असं कळवलं त्यातले ३२ टक्के. ज्या गावात एकमेकांच्या वावरात जाऊनच कामं उरकतात तिथं हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आभार मानायला बसलं की आनंद व्हायच्या जागी रडू येते, उपकाराचं ओझं वाटते. माझं काही चुकते काय?

काहीच चुकत नाही. अमेरिकन आणि भारतीय लोकांची तुलना करणारा एक अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, त्यात आभाराचं पत्र लिहिताना भारतीय लोकांना अपराधीपणा आणि दुःख सुद्धा वाढलेलं दिसलं. मला हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही. मायनं स्वतः उपाशी राहून आपल्याला शिकवलं हे लिहायला बसलं तर डोळ्यात पाणी येईलच, आणि आपण तिच्यासाठी काय केलं हेही मनात येईलच. रडू आलं तर येऊ द्या. पण दरवेळी फक्त अपराधीच वाटत असेल तर मोठे उपकार काही दिवस बाजूला ठेवा आणि लहान, ताज्या, फिटणाऱ्या गोष्टी लिहा, शेजारणीनं सांबार (कोथिंबीर) देला, आपण हात दाखवला तिथंच कंडक्टरने गाडी थांबवली. शेजारणीला उद्या आपल्या झाडाची लिंबं नेऊन द्या, ओझं हलकं होते.

पोट्ट्यांना कसं शिकवायचं?

"थँक्यू म्हण, थँक्यू म्हण" करून नाही. सहावी-सातवीच्या २२१ मुलांवर २००८ मध्ये अमेरिकेत प्रयोग झाला होता, ज्यांनी दोन आठवडे रोज आभाराच्या गोष्टी लिहिल्या ती मुलं जास्त आशावादी आणि समाधानी दिसली. घरी जेवताना विचारा, हे ताटातलं वरण कोणाकोणाच्या हातातून आलं? तूर कोणी पेरली, डवरली, सोंगली, डाळ कोणी केली, फोडणी कोणी देली. पोरं मोजायला लागली की मोठ्यांना सुद्धा सुटत नाही. आणि तुम्ही पोरांसमोर सालदाराशी कसं बोलता ते पोरं बघत असतात, शिकवणी तिथंच होते.

नवरा-बायकोत?

एकमेकांनी रोज केलेलं काम "त्यात काय, करतेच" म्हणून दिसेनासं होते. ते एकदा नाव घेऊन बोला. "तू चार वाजता उठून डबा केला" असं. सुरुवातीला समोरचा माणूस विचारेल आज काय पाहिजे म्हणून, विचारू द्या.

किती दिवसात फरक दिसेल?

काहींना आठवडाभरातच दिसते. पण मानसिक त्रासासाठी समुपदेशन घेणाऱ्या सुमारे ३०० लोकांवर २०१८ मध्ये छापून आलेला अभ्यास सांगते की आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांची मनाची तब्येत ४ आठवड्यांनी बरी दिसली आणि १२ आठवड्यांनी अजून. म्हणजे मुरायला वेळ लागते. दोन दिवस लिहून "काही झालं नाही" म्हणून वही रद्दीत टाकू नका.

सगळं करून बघितलं, तरी मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही.

मग हे पान बंद करा आणि आत्ताच १४४१६ वर फोन लावा. टेली मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस उदास वाटणं, भूक-झोप जाणं, कशातच जीव न रमणं हा आजार असू शकते आणि त्याला उपचार आहे, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असते, तिथं जाता येते, सोबत कोणाला तरी घेऊन जा. उदासीच्या आजारात कृतज्ञता वाटत नाही म्हणून माणूस स्वतःलाच दोष देत बसते, "एवढं सगळं आहे तरी मी असा का", तो दोष देऊ नका, तो आजाराचाच भाग आहे. आणि घरच्यांनी फवारणीचं औषध कुलपात ठेवा. हे मी हात जोडून सांगते.

ज्याचे आभार मानायचे तो माणूसच गेला. आता काय?

पत्र लिहा. वर सांगितलेल्या, समुपदेशन घेणाऱ्या लोकांच्या २०१८ च्या अभ्यासात बहुतेक लोकांनी पत्र पाठवलंच नव्हतं, तरी फायदा झाला. लिहिता येत नसेल तर त्यांच्या तिथीला घरच्यांसमोर बोला, त्यांनी केलेली एक नेमकी गोष्ट सांगा, कोणत्या साली, कोणत्या वावरात, काय केलं. नातवंडांनी ती ऐकलेली नसते.

वही कोणी वाचली तर?

काही जणींना ही भीती खरोखर असते, कारण वहीत ज्यांचं नाव आहे त्यापेक्षा ज्यांचं नाही त्यांना जास्त लागते. तर मग नुसती नावाची पहिली अक्षरं लिहा, नाहीतर तांदळाच्या डब्यात ठेवा, नाहीतर मोबाईलमध्ये स्वतःच्याच नंबरवर मेसेज करून ठेवा. बचत गटाच्या बाया मिळून एकच वही ठेवत असतील तर आधीच ठरवून घ्या की घरातलं काही त्यात लिहायचं नाही, फक्त गटात एकमेकींनी काय मदत केली तेवढंच, आणि वही दर महिन्याला वेगळ्या बाईकडे राहील.